आजोबांचे कान आणि दोन छोटे पंखे

जरा डोळे मिटा पाहू. नाही, नीट मिटा. एक डोळा किलकिला ठेवून बघणारे मला बरोबर ओळखू येतात.

आता असं समजा, की तुम्ही एका चिंचोळ्या दुकानाच्या दारात उभे आहात. दोन्ही भिंतींवर घड्याळंच घड्याळं. काही चालू, काही बंद, काही पोट उघडं टाकून निवांत पडलेली. खिडकीपाशी लाकडी टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि कापडावर पितळेची चाकं ओळीने मांडलेली. ज्या क्रमाने काढली, त्याच क्रमाने. टेबलामागे एक आजोबा बसले आहेत. एका डोळ्यावर भिंग आहे खरं, पण ते काही पाहत नाहीयेत. त्यांच्या हातात पेन्सिलीपेक्षा थोडी लांब अशी एक पातळ लाकडी काडी आहे. तिचं एक टोक घड्याळाला टेकवलंय आणि दुसरं कानाला. ते ऐकताहेत.

दुकानाच्या पाटीवरच लिहिलं होतं: 'येथे घड्याळे ऐकून दुरुस्त केली जातात.'

दिसलं सगळं? छान. आता उघडा डोळे, नाहीतर पुढचं वाचणार कसं!

या दुकानात आजोबांची नात रोज शाळा सुटल्यावर यायची, कारण आई-बाबा कामावरून परतेपर्यंत घराला कुलूप असायचं. आजोबा तिला 'लंबक' म्हणायचे. घड्याळाखाली जो गोल डोलत असतो ना, तो लंबक. ही पोरगी स्टुलावर बसली तरी पाय हलायचे, उभी राहिली की डावीकडून उजवीकडे झोके घ्यायची. "लंबक थांबला की घड्याळ थांबतं," आजोबा म्हणायचे, "म्हणून मी हिला कधी 'स्वस्थ बस' म्हणत नाही." आणि शिक्षकांनी तसं म्हटल्याचं तिने घरी सांगितलं, की गालातल्या गालात हसायचे.

पण त्या बुधवारी लंबक अगदी स्वस्थ बसली होती, तीही टेबलाखाली. एक स्क्रू घरंगळला होता, तो शोधायला ती खाली शिरली, आणि तेवढ्यात बेकरीवाल्या काकू दुकानात आल्या. काकू आल्या की आधी पावाचा खमंग वास येतो, मग आवाज येतो आणि मग काकू.

"घड्याळकाका! झालं का हो माझं घड्याळ?" गल्लीतले सगळे आजोबांना घड्याळकाकाच म्हणत. "नाही, तुम्ही वेळ घ्या, मी घाई करत नाही, पण काल पावाचा कोळसा झाला. एक गिऱ्हाईक मला विचारतं, काकू, हा खायचा की शेगडीत घालायचा?"

"तुमच्याकडे दुसरं घड्याळ नाही का?" आजोबांनी विचारलं.

"आहे की, पुतण्याचं गजराचं. ते पावाच्या वेळी झोपतं आणि आम्ही झोपलो की ओरडतं. पुतण्याही तसलाच. परवा मोठ्या हौसेने भट्टीवरचा पंखा उतरवून धुतला, पुसला, चकचकीत करून परत लावला. तेव्हापासून बेकरीत धूरच धूर! रडून रडून डोळे सुजलेत माझे. लोकांना वाटतं, घड्याळ गेल्याच्या दुःखात आहे."

लंबक टेबलाखाली फिसकन हसली. आजोबा मात्र हसले नाहीत.

"काकू," ते म्हणाले, "तुमचं घड्याळ मी तीनदा उघडलं. चालतं, आणि मध्येच थांबतं. का थांबतं, ते मला ऐकूच येत नाहीये. शनिवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर घेऊन जा."

काकूंचा आवाज एकदम खाली आला. "घेऊन कुठे जाऊ? त्या मोठ्या दुकानात ते आतलं सगळं काढून टाकतात आणि बॅटरीचं मशीन बसवतात. माझ्या सासऱ्यांचं घड्याळ आहे हो ते. त्याच्या ठोक्यांवर तीन पिढ्या पाव भाजले गेलेत."

"शनिवारी या," आजोबा एवढंच म्हणाले.

काकू गेल्या. जिन्यावरून आत्या खाली आली. आत्या म्हणजे आजोबांची लेक. दुकानाच्या बरोबर वरच्या खोलीत ती मुलांचा कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायची. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर तिने गोळा करून, झाडून-पुसून पुन्हा चालते केले होते. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिचा पहिला वर्ग भरायचा आणि शेवटचा सुटेपर्यंत दिवे लागायचे.

"बाबा, चेहरा का असा?"

"कान गेले माझे," आजोबा म्हणाले. "बरेच दिवस झाले, घड्याळं मला पुटपुटल्यासारखी ऐकू येतात. आधी वाटलं, सर्दी असेल. आता कळलं, म्हातारपण आहे. शनिवारी काकूंना घड्याळ परत देतो आणि सोमवारी पाटी उतरवतो. 'ऐकून दुरुस्त' असं लिहायचं आणि ऐकू यायचं नाही, ही फसवणूक झाली."

"काहीतरीच काय बाबा!"

"काहीतरी नाही. डोळ्यांना भिंग मिळतं. कानाला माझ्याकडे ही काडी होती, तीही आता मुकी झाली."

टेबलाखाली लंबकच्या हाताला स्क्रू लागला होता, पण तिला बाहेर यावंसं वाटेना. पाटी उतरवणार म्हणजे दुकान बंद. दुकान बंद म्हणजे आजोबा दिवसभर काय करणार? खुर्चीत बसलेले, हातात काडी नाही, भिंग नाही, असे आजोबा तिला डोळ्यांपुढे आणून बघता येईनात. तुम्हीही बघा प्रयत्न करून. नाही जमत ना?

आणि तेवढ्यात वीज गेली.

वर मुलांनी "ओऽऽ" केलं. मग तीही शांत झाली. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. दुकान टिकटिकायला लागलं. भिंतीवरची, टेबलावरची, फळीवरची, चावीवर चालणारी सगळी घड्याळं एकदम बोलायला लागली, जशी बाई वर्गाबाहेर गेल्यावर मुलं बोलतात. खरं तर ती आधीही बोलतच होती. लंबक टेबलाखालून बाहेर आली. आजोबांनी बोट वर केलं होतं.

"ऐक," ते हळूच म्हणाले. काकूंचं घड्याळ समोरच्या भिंतीवर, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. आजोबांच्या हातात काडीसुद्धा नव्हती. "लंगडतंय. टिक टॉक, टिक टॉक, टिक… टॉक. ऐकलंस? फेरीत एकदा पाय अडखळतोय त्याचा. कुठल्या तरी चाकाचा एक दात वाकलाय."

"मला नाही ऐकू आलं," लंबक म्हणाली.

"मला आलं!" आजोबा म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी आपले कान धरून पाहिले, जणू ते नुकतेच कोणीतरी परत आणून दिले होते.

वीज आली. दिवे लागले. आणि जिन्याखालच्या कपाटातून आवाज सुरू झाला: घूंऽऽ, मग घर्रर्र, मग घूं आणि घर्रर्र दोन्ही मिळून. ये रे माझ्या मागल्या! टिकटिक सगळी त्या आवाजात बुडून गेली.

तिघांनी एकदमच त्या कपाटाकडे पाहिलं.

त्या कपाटात आत्याचा नेटवर्कचा स्विच होता. स्विच म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर दिव्याचं बटण येईल. हा तो नव्हे. हा एक चपटा लोखंडी डबा. पुढच्या अंगाला वायरी खुपसायला चौकोनी भोकांची रांग. वर जितके कॉम्प्युटर, तितक्या वायरी भिंतीतून उतरून इथे यायच्या. एकाने काही पाठवलं की ते आधी या डब्यात येणार, डबा बघणार, हे कोणाचं, आणि बरोबर त्याच्याच वायरीत सोडणार. पत्रं वाटणारा माणूस कसा कोणाचं पत्र कोणाच्या दारात टाकायचं ते चुकत नाही, तसा. फक्त हा बसल्या जागी, डोळ्याचं पातं लवायच्या आत ढीगभर पत्रं वाटतो, आणि त्या धांदलीत तापतो. तापला की त्याला वारा घालावा लागतो. म्हणून डब्याच्या एका कडेला, शेजारी शेजारी, काड्यापेटीएवढे दोन पंखे.

हे पंखे नवे असताना गुपचूप फिरायचे. मग त्यांत धूळ बसली, आतलं तेल सुकलं, आणि ते रोज थोडं थोडं जास्त घुरघुरायला लागले. एखादा पाहुणा दार वाजवून आला तर आपल्याला कळतं. हा आवाज धुळीसारखा आला होता, कोणाला कळलंच नाही. आणि कपाटाची पातळ फळी ओलांडली की लगेच आजोबांचं टेबल!

"म्हणजे तुमचे कान शाबूत आहेत," आत्या म्हणाली. "माझ्या डब्याने घात केला. मी वर्ग बंद ठेवते शनिवारपर्यंत."

"वा! तुझ्या मुलांचा वर्ग बंद करून मी दुकान चालवू? सोमवारी परीक्षा आहे ना त्यांची? आणि आज हे घड्याळ, उद्या दुसरं. किती वेळा बंद ठेवशील?"

"मग वर नेते स्विच."

"म्हणजे त्या मुलांचे कान जातील."

इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी लंबकच म्हणाली, "आजोबा, पंखा म्हणजे चाकच ना? चाक वाजलं की तुम्ही काय करता?"

आजोबांनी घड्याळाच्या तेलाची कुपी उचलली.

गुरुवारी वर्गाची मधली सुट्टी झाली तेव्हा कामाला सुरुवात झाली. इथे एक गोष्ट कानात ठेवा. विजेच्या वस्तूला हात लावायच्या आधी पहिलं काम प्लग ओढायचा. दुसरं काम, प्लग ओढलाय की नाही ते पुन्हा बघायचं. आत्याने प्लग ओढला, लंबकने पुन्हा बघितला, तरीही आत्याने सगळ्यांना थोडा वेळ थांबवलं, कारण अशा डब्यांच्या पोटात काही वेळ वीज दडून बसते. मग झाकण निघालं. आत धुळीची चांगली मऊ गादीच झाली होती. ब्रशने ती झाडली, पंख्याच्या मधोमध चिकटवलेला गोल कागद सोलला आणि आजोबांनी सुईच्या टोकावरून तेलाचा एकेक थेंब सोडला.

झाकण लावलं, प्लग लावला. शांत! आत्याने टाळ्या वाजवल्या. पण मुलं सुट्टीवरून परत येईपर्यंत आधी घूं झालं, मग घर्रर्र.

"झिजलेत," आजोबा म्हणाले. "दात पडल्यावर मंजन लावून काय उपयोग?"

आत्याने वायरवाल्या दादाला फोन लावला. स्विच त्यानेच बसवला होता. तो नेमका दुसऱ्या गावी कामावर होता. "ताई, मी सोमवारी येतो, नाहीतर तुम्हीच बसवा, चार स्क्रूंचं तर काम आहे. फक्त पंखे त्याच मापाचे आणा, तीन वायरींचे आणा आणि वायरीचं टोक जुन्याशी जुळतंय ना ते बघा. कमी आवाजाचे मागा. आणि हो, कमी आवाजाचे पंखे वाराही जरा कमीच देतात, तेव्हा भोकं मोकळी ठेवा."

शुक्रवारी दुपारी पंखे आले. आत्या बाह्या सरसावून म्हणाली, "मी बसवते."

"या घरात स्क्रूड्रायव्हर कोणाच्या हातात असतो?" आजोबांनी विचारलं, आणि विषय संपला.

प्लग ओढला. पुन्हा बघितला. थांबले. आजोबांनी जुने पंखे काढून आपल्या सवयीप्रमाणे हिरव्या कापडावर ओळीने ठेवले आणि भिंग लावून न्याहाळले. मग त्यांची भुवई वर गेली.

"अरेच्चा! बघितलंस का लंबक? हे दोन्ही पंखे एकाच तोंडाने बसवले होते. दोन्ही एकाच बाजूला फिरणार! कारखान्यातल्या कोणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय."

"का? त्यात काय चुकलं?"

"शेजारची दोन चाकं कधी एका दिशेने फिरतात का?" आजोबांनी टेबलावरची दोन पितळी चाकं एकमेकांत अडकवून फिरवून दाखवली. एक उजवीकडे वळलं, दुसरं डावीकडे. "एक असं, तर दुसरं तसं. नाहीतर दात मोडतील. मी एवढासा होतो तेव्हापासूनचा पहिला धडा आहे हा."

"पण आजोबा, पंख्यांना दात कुठे आहेत?"

"दात माझ्याही तोंडात नाहीत, म्हणून मी काय उलटा चालू लागलो?"

लंबकला हसू आलं आणि प्रश्न हसण्यात विरून गेला. कारखान्याची चूक आजोबांनी आपल्या हाताने सुधारली. पहिला पंखा होता तसा, आणि दुसरा त्याच्या उलट तोंडाने. चार स्क्रू इकडे, चार तिकडे. झाकण. प्लग. हिरवा दिवा लागला आणि…

काही नाही. म्हणजे आवाजच नाही! कान लावला तर कुठे लांब मांजर झोपेत गुरगुरल्यासारखं. दुकानभर टिकटिक पसरली. आत्याचा जीव भांड्यात पडला, मधली सुट्टी संपली आणि ती वर गेली. आजोबांनी काकूंचं घड्याळ टेबलावर घेतलं, काडी कानाला लावली. त्यांचा चेहरा असा झाला, जसा जुना मित्र भेटल्यावर होतो.

थोडा वेळ फार छान गेला. मग डब्याचा हिरवा दिवा नारिंगी झाला. त्यानंतर दिवाच गेला, आणि वरून सगळी मुलं एका सुरात ओरडली, "बाई, गेलंऽऽ!"

आत्या दोन दोन पायऱ्या उतरत खाली आली. तिने डब्याला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "चटका बसला! बाबा, काय केलंत तुम्ही?"

"नवे पंखे घातले. तुझ्यासमोर."

"फिरत होते ना दोन्ही?"

"फिरत होते. मी पाहिले," लंबक म्हणाली.

"मग वारा कमी पडत असेल. दादा म्हणालाच होता." आत्या मटकन पायरीवर बसली. तिला वाईट वाटत होतं, पण परीक्षा तीन दिवसांवर होती. "जुनेच घालू या, बाबा. वाजतात, पण गार तरी ठेवतात. सोमवारनंतर बघू काहीतरी."

आजोबांनी काडी रुमालाने पुसली, टेबलाच्या खणात ठेवली आणि खण बंद केला. "आण गं लंबक, ते जुने पंखे," ते म्हणाले. "वर्ग महत्त्वाचा."

तो खण बंद झाल्याचा आवाज फार मोठा नव्हता. लंबकला मात्र तो सगळ्या टिकटिकीच्या वर ऐकू आला.

जुने पंखे हातात घेऊन ती उभी राहिली. नेहमीसारखी डोलत नव्हती. तिला वाटत होतं, पंखे तर फिरत होते. पंखा फिरला की वारा येतो. मग वारा गेला कुठे? वारा काही खिशात घालून नेण्यासारखी वस्तू नाही. आणि वारा दिसत नाही हीच तर पंचाईत.

दिसत नाही? मग दाखवता येईल.

बारीक स्क्रू आणि काटे गुंडाळून ठेवायला आजोबांकडे अगदी पातळ, फुंकर मारली तरी थरथरणारा कागद असायचा. लंबकने त्याची बोटभर लांब पट्टी फाडली.

"आजोबा, जुने बसवायच्या आधी एकदाच चालू करू या? एकदाच. डबा गार झाल्यावर."

"कशाला?"

"वारा बघायचाय."

"वारा बघायचाय!" आजोबा आत्याकडे बघून म्हणाले. "ऐक तुझ्या भाचीचं. मी घड्याळं ऐकतो, ही वारा बघते. कुळाचं नाव काढणार." पण त्यांनी डबा गार होऊ दिला, आणि मग आत्याला प्लग लावायला सांगितला.

लंबकने पट्टी दोन बोटांत धरून पहिल्या पंख्यासमोर नेली. पट्टी फडफडत बाहेरच्या बाजूला उडायला लागली. मग तिने ती हळूच शेजारच्या पंख्यासमोर सरकवली. पट्टीने एकदम मान फिरवली आणि चटकन जाळीला जाऊन चिकटली.

तिने पुन्हा केलं. पहिला: फडफड. दुसरा: चिकट.

"आजोबा," ती म्हणाली, "हा फुंकतोय. आणि हा ओढतोय."

मग ती डब्याच्या दुसऱ्या कडेला गेली. तिथे लोखंडात बारीक खाचा होत्या, बाहेरची हवा आत यायला. तिने पट्टी खाचांपुढे धरली. पट्टी नुसती लोंबत राहिली.

"इकडे तर काहीच नाही!"

आजोबा खुर्चीवरून उठले. त्यांनी तिच्या हातातून पट्टी घेतली, स्वतः करून पाहिलं, मग पट्टी तिला परत दिली.

"सांग बरं, काय होतंय ते."

"हे दोघे शेजारी शेजारी बसून आपापसातच खेळताहेत. एक वारा बाहेर टाकतो, दुसरा तोच आत ओढतो. पलीकडे बिचारा डबा तापतोय, त्याच्याकडे कोणी बघतच नाही." तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, म्हणून ती शब्द शोधत डोलायला लागली. "आजोबा, चाकांना दात असतात, म्हणून ती उलटसुलट फिरतात. पण हे पंखे एकमेकांत अडकलेलेच नाहीत. ही दोन माणसं आहेत, बंद पडलेली गाडी ढकलणारी. एक मागून ढकलणार आणि दुसरा पुढून, तर गाडी जाणार कुठे?"

दुकानात टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आत्या वडिलांकडे बघत होती. आजोबांचे खांदे हलायला लागले आणि मग ते इतके हसले, की डोळ्यावरचं भिंग गळून हिरव्या कापडावर पडलं.

"अगं, म्हणजे तो कारखान्यातला शिकाऊ माणूस बरोबर होता! आणि मी त्याची बरोबर केलेली गोष्ट चूक करून ठेवली!" त्यांनी डोळे पुसले. "घड्याळवाल्याला सगळं जग घड्याळच दिसतं, दुसरं काय. काढ गं प्लग. आणि स्क्रूड्रायव्हर घे तू."

"मी?"

"मग काय मी? मी पुन्हा उलटा बसवीन. सवयीचा माणूस आहे मी."

प्लग ओढला. पुन्हा बघितला. थांबले. लंबकने दुसऱ्या पंख्याचे चार स्क्रू काढले, पंख्याचं तोंड फिरवलं, पहिल्याशी ताडून पाहिलं, आणि चारही स्क्रू आवळले. आधी समोरासमोरचे दोन, मग उरलेले दोन, आजोबांनी शिकवलं होतं तसे. वायरीचं टोक जागेवर बसवलं. झाकण लागलं. या वेळी तिने सरळ पलीकडच्या खाचांशी जाऊन पट्टी धरली.

पट्टी थरथरली, झुकली आणि खाचांना चिकटून बसली. आता वारा डब्याच्या या टोकाने आत शिरून, सगळ्या पोटातून फिरून, त्या टोकाने बाहेर पडत होता.

त्या संध्याकाळी दिवे लागेपर्यंत वर मुलं सराव करत होती, आणि आत्या दर थोड्या वेळाने खाली येऊन डब्याला हात लावत होती, जसा ताप उतरलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात. दिवा हिरवाच राहिला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती. लंबक सकाळीच दुकानात आली, तेव्हा काकूंचं घड्याळ टेबलावर उघडं होतं आणि आजोबा हाताची घडी घालून बसले होते.

"सापडला का वाकडा दात?"

"कालच सापडला."

"मग सरळ केलात?"

"नाही." आजोबांनी खण उघडला, काडी काढली आणि तिच्यापुढे धरली. ती काडी त्यांनी आजवर कोणाच्याही हातात दिली नव्हती. "तू ऐकल्याशिवाय कसा सरळ करू? परत कधी लंगडणार ते?"

लंबकने काडीचं एक टोक घड्याळाला लावलं आणि दुसरं कानाला. टिक टॉक, टिक टॉक. सगळे ठोके सारखेच. तिचा पाय हलला, काडी हलली आणि सगळा आवाज निसटला. "नाही येत," ती म्हणाली.

"घाई कोणाला आहे? मला तर नाही."

तिने पाय स्टुलाच्या दांडीला अडकवले. डोळे मिटले, पूर्ण मिटले. टिक टॉक, टिक टॉक, टिक टॉक, टिक… टॉक.

"आत्ता!" ती ओरडली. "अडखळलं!"

"अस्सं." आजोबांनी चिमट्याने इतका हलका दाब दिला, की काही केलं असं वाटलंसुद्धा नाही. मग दोघांनी आळीपाळीने ऐकलं. घड्याळ सरळ चालत होतं.

थोड्या वेळाने दुकानात पावाचा वास आला, मग आवाज आला आणि मग काकू. घड्याळ ठोके देताना ऐकून त्यांनी पदराने डोळे टिपले.

"आनंदाने रडताय का काकू?" आजोबांनी विचारलं.

"आनंद आहेच हो, पण हा धुराचा हिशेब आहे. पंखा गरागरा फिरतोय आणि धूर जायचं नाव घेत नाही. उलट जरा जास्तच येतो. पुतण्या म्हणतो, काकू, मी तर होता तसाच लावला. होता तसा! डोंबल!" घड्याळ छातीशी धरून काकू निघाल्या. "पाटी उतरवायची भाषा करू नका बरं का पुन्हा. तुमच्या लेकीने सांगितलं मला सगळं."

"पाटी तिथेच आहे," आजोबा म्हणाले.

काकू पायरी उतरल्या. लंबक स्टुलावर बसून डावीकडून उजवीकडे डोलत होती. मग ती डोलायची थांबली. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मुद्दामच खिडकीबाहेर पाहिलं.

लंबकने पातळ कागदाची एक नवी पट्टी फाडली, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि पायऱ्या उतरून ओरडत सुटली, "काकू, थांबा! भट्टीवरच्या पंख्याला हात लावायच्या आधी बटण बंद आहे ना, ते मी पुन्हा बघणार आहे हं!"